सोपाऱ्याच्या खाडीत दोन तांडेल

ओहोटी लागली आहे. तुमचे पाय घोट्यापर्यंत काळ्या चिखलात रुतलेत आणि त्या चिखलाला तोच वास आहे, जो आजही पाचूबंदरला किंवा अर्नाळ्याला उतरलं की नाकात शिरतो. ओळखीचं एवढंच. नालासोपारा स्टेशन नाही, पश्चिमेला रिक्षांची रांग नाही, एकमेकींना खेटून उभ्या इमारती नाहीत. गास आणि सोपारा यांच्यामध्ये आज गाळानं भरलेली खाजणं आणि त्यांवर चढत आलेली बांधकामं दिसतात. तिथे आता पाणी आहे. रुंद, गढूळ, भरतीला मोठी गलबतं थेट आत घेणारं पाणी.

साल विचाराल तर इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा मध्य. भाद्रपद सरत आलाय, पाऊस ओसरलाय. नैर्ऋत्येचा वारा शिडात भरून आषाढाच्या सुमारास इजिप्तहून निघालेली यवनांची, म्हणजे ग्रीकांची, गलबतं आता आपल्या किनाऱ्याला लागायच्या बेतात आहेत. गावाला शूर्पारक म्हणतात, सोपारक म्हणतात, यवन त्याचं सुप्पारा करतात. भाषेची काळजी करू नका. या प्रवासात सगळ्यांचं सगळं कळतं, फक्त आपल्याला मध्ये बोलता येत नाही.

धक्क्यावर भरुचहून आलेल्या लहान होड्या रिकाम्या होताहेत. दोन कानांचे उंच मातीचे कुंभ हमाल खांद्यावरून उतरवतात. त्यांत इटलीची दारू आहे. मग कथील, शिसं, पोवळी, काचेचे गोळे. परतीच्या मालात सुती कापडाचे गठ्ठे, हस्तिदंत, अकीक, पिंपळी. कुणीतरी पिंपळीचं पोतं सांडलंय आणि त्यावरून तीन माणसं एकाच वेळी ओरडताहेत. या आरडाओरड्याकडे पाठ करून जरा खाडीच्या तोंडाकडे बघा. तिथे एक मोठं यवनी गलबत नांगर टाकून उभं आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सशस्त्र माणसांच्या होड्या आहेत.

ते कैदेत आहे म्हटलं तरी चालेल. त्या काळी एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं किनाऱ्याचं माहितीपुस्तक आजही उपलब्ध आहे. लेखकाचं नाव कुणाला माहीत नाही, पण माणूस इजिप्तमध्ये राहणारा, आणि ज्या तपशिलानं तो लिहितो त्यावरून स्वतः इकडे येऊन गेलेला वाटतो. भरुचनंतरच्या बंदरांत तो सुप्पाराचं नाव घेतो, मग कल्याणचं. आणि कल्याणबद्दल सांगतो की पूर्वी तिथे रीतसर व्यापार चालायचा, आता मात्र चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे शिरलं तर त्याला पहाऱ्यात भरुचला नेतात. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या भांडणात बंदरं भरडली जात होती, त्यातला हा प्रकार. समोरचं गलबत मी कल्पनेनं आणून बांधलंय, पण त्याला पकडणारा नियम खरा आहे.

होडीनं गलबतावर चढा. खलाशी नाळेपाशी कोंडाळं करून बसलेत. उद्याच्या भरतीला पहारेकरी त्यांना उत्तरेला, भरुचला घेऊन जाणार. एक गट म्हणतो, जाऊ या, माल तिथेही विकला जाईल. दुसरा म्हणतो, आज रात्रीच नांगर कापू, मतलई वाऱ्यावर बाहेर पडू आणि दक्षिणेला मुझिरिस बंदर गाठू. दक्षिणेला चाचे आहेत, तिसरा आठवण करून देतो. आणि कप्तान? तो खाली, आपल्या खणात. त्याच्याजवळ एक पेटी आहे, तिच्यावर मोहोर आहे, आणि ती त्यानं अलेक्झांड्रियापासून कुणासमोर उघडलेली नाही. बंदर कुठलं घ्यायचं याची चर्चा चारदा घुटमळते आणि चारही वेळा त्या पेटीपाशीच येऊन थांबते. त्यात काय आहे? सोनं? सावकाराचा कर्जरोखा? कुणासाठी?

कोपऱ्यात बसलेला एक म्हातारा खलाशी हसतो. “पिशवी उघडू नका,” तो म्हणतो. बाकीचे ओशाळून हसतात. म्हाताऱ्याला काय म्हणायचंय ते सगळ्यांना समजलं आहे, कारण होमरचं ‘ओडिसी’ ग्रीक घरात लिहायला-वाचायला शिकताना गिरवतात. इजिप्तच्या कोरड्या वाळूत त्याचे पपायरसवरचे तुकडे ढिगांनी सापडलेत.

पिशवीची गोष्ट अशी. ट्रॉयचं युद्ध संपवून ओडिसियस बारा जहाजं घेऊन घराकडे, इथाकाला, निघाला. वाटेत वाऱ्यांचा रखवालदार एओलस भेटला. त्यानं सगळे उलटे वारे बैलाच्या कातड्याच्या पिशवीत कोंबले, चांदीच्या दोरीनं तोंड आवळलं आणि पिशवी ओडिसियसच्या हवाली केली. घराकडे नेणारा एक वारा तेवढा मोकळा ठेवला. नऊ दिवस, नऊ रात्री जहाजं सरळ चालली. दहाव्या दिवशी इथाका दिसू लागलं, किनाऱ्यावर जाळ करणारी माणसं ओळखू येण्याइतकं जवळ. आणि ओडिसियसला झोप लागली. कारण हे नऊ दिवस शिडाचा दोर त्यानं एकट्यानं धरला होता. दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नव्हता.

तो झोपल्यावर खलाशी कुजबुजले. हा माणूस जाईल तिथून भेटी घेऊन येतो. ट्रॉयची लूट त्याच्याकडे, आता या नव्या यजमानाचं सोनंचांदीही त्याच्याकडे. आपण तेवढाच प्रवास केला, तेवढेच हाल काढले आणि घरी रिकाम्या हातानं जाणार. बघू तरी पिशवीत काय आहे. दोरी सोडली. पुढचं सांगायला नको. जहाजं उलटी फिरून एओलसच्या दारात, आणि एओलस दुसऱ्यांदा मदत करायला तयार नाही.

ही गोष्ट शाळेत सांगतात तेव्हा दोष खलाशांच्या हावरेपणाचा असतो. मला ते कधीच पटलं नाही. त्यांची शंका मूर्खपणाची नव्हती. त्यांच्याजवळ जेवढी माहिती होती तेवढ्यावर ती अगदी तर्कशुद्ध होती. “यात वारे आहेत, उघडलं तर बुडू” एवढं एक वाक्य सांगायला ओडिसियसला नऊ दिवस मिळाले. सांगितलं असतं तर कदाचित दोरही दुसऱ्याच्या हाती देता आला असता आणि डोळाही लागला नसता.

म्हातारा पुढे सांगतोय, ऐका. लेस्ट्रिगोनियन नावाच्या नरभक्षक राक्षसांनी अकरा जहाजं फोडली. उरलं एक. मग जादूगरीण सर्सीनं ओडिसियसला आधीच सांगून ठेवलं की अरुंद सामुद्रधुनीत एका बाजूला सहा तोंडांची सिला राक्षसीण आहे, तिच्या बाजूनं गेलास तर सहा माणसं जातील, दुसऱ्या बाजूनं गेलास तर सगळेच. ओडिसियसनं सिलाची बाजू धरली. निर्णय बरोबर असेलही. पण वल्ही मारणाऱ्यांना त्यानं सिलाचं नावसुद्धा सांगितलं नाही; घाबरून वल्ही टाकतील म्हणून. सहा जणांना तिनं उचललं, आणि ते ओडिसियसला नावानं हाका मारत वर गेले. होमरनं हा तपशील गाळलेला नाही, यासाठी मी त्याला मानतो.

आणि मग सूर्यदेव हेलिओसचं बेट. इथे मात्र ओडिसियस खरं बोलला. इथली गुरं सूर्याची आहेत, त्यांना हात लावला तर मेलो, म्हणून उतरायचंच नाही. पण खलाशांतला युरिलोकस म्हणाला, तू लोखंडाचा असशील, आम्ही दमलोय. रात्रीचा समुद्र धोक्याचा, आम्हाला किनाऱ्यावर जेवू-झोपू दे. सगळे त्याच्या बाजूनं बोलले. ओडिसियस एकटा पडला, शपथ घ्यायला लावून कबूल झाला. महिनाभर वारा पडला नाही, शिधा संपला, आणि ओडिसियस प्रार्थनेला बाजूला गेलेला असताना, पुन्हा झोपेतच, युरिलोकसनं दुसरा ठराव मांडला: उपाशी मरण्यापेक्षा समुद्रात मेलेलं बरं. गुरं कापली. जहाज फुटलं. ओडिसियस सोडून सगळे गेले.

बहुमत चुकतं याचं उदाहरण म्हणून हा प्रसंग वापरतात. मला तो वेगळा दिसतो. या वेळी खरं सांगितलं होतं, तरी कुणी ऐकलं नाही, कारण आधीच्या दोन वेळा सांगितलं नव्हतं. पिशवी लपवणाऱ्याच्या आणि सिला लपवणाऱ्याच्या तोंडून आलेलं खरं हे त्यांच्या लेखी आणखी एक युक्ती होती. युरिलोकस काही खलपुरुष नव्हे. सर्सीच्या वाड्यात न शिरता दारातच थांबलेला, वाचून परत आलेला आणि धोक्याची बातमी आणणारा तोच होता. त्या बातमीवर त्याला काय मिळालं? ओडिसियसच्या मनात त्याचं मुंडकं उडवायचं आलं होतं, बाकीच्यांनी आवरलं.

ओडिसियसवर डूख धरून असलेला समुद्रदेव पोसायडन, बरं का, आपल्याकडेही येऊन गेलाय. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर त्याची छोटी कांस्यमूर्ती सापडली. शहराच्या टाउन हॉल संग्रहालयात ती बघता येते. सातवाहनांच्या काळात कुणी व्यापाऱ्यानं ती घाट चढवून नेली असणार. त्या देवाची गोष्टही बरोबर गेली का, कुणाला ऐकवली का, कल्पना करायला मोकळीक आहे.

आता गलबतावरून उतरा आणि गावात चला. उजेड आहे तोवर दोन गोष्टी पाहून घ्यायच्यात.

पहिली, दगडावरचा लेख. तीनशे वर्षांपूर्वी अशोकानं आपले चौदा लेख इथे कोरवले. तुमच्या काळात त्यांतला आठव्याचा तुकडा भातेला तळ्याजवळ १८८२ मध्ये सापडला आणि नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला. बाकीचे गेले. पण तुम्ही आत्ता योग्य वेळी आलात, ते शाबूत असतील. सहावा लेख शोधा. गिरनारला आणि इतरत्र तो पूर्ण वाचता येतो. राजा त्यात म्हणतो की मी जेवत असलो, अंतःपुरात असलो, कुठेही असलो तरी प्रजेच्या कामाची खबर माझ्यापर्यंत आली पाहिजे. आणि त्याहून महत्त्वाचं: मी तोंडी दिलेल्या आज्ञेवरून परिषदेत वाद झाला किंवा फेरविचार व्हावा असं ठरलं, तर तेही मला ताबडतोब कळवा. वाद झाला हे कळवा. वाद मिटवून कळवा असं तो म्हणत नाही.

दुसरी, स्तूप. आज त्याला बुरूड राजाचा कोट म्हणतात, नालासोपारा पश्चिमेला, पुरातत्त्व खात्याची पाटी लागलेली. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, तेव्हा दगडी पेटीच्या पोटात तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि अगदी आत सोन्याचा निघाला. सोन्याच्या करंड्यात भिक्षापात्राच्या मानलेल्या मातीच्या तेरा खापऱ्या. बाजूला आठ कांस्य बुद्धमूर्ती. तुम्ही उभे आहात तेव्हा हे सगळं अजून पुरलेलं नाही. त्यांबरोबर सापडलेलं चांदीचं नाणं ज्या यज्ञ सातकर्णीचं, तो राजा व्हायला शतकाहून जास्त अवकाश आहे.

स्तूपाच्या सावलीत लोक बसलेत. समोर एक भाणक आहे. भाणक म्हणजे पाठ असलेलं बौद्ध वाङ्मय म्हणून दाखवणारा भिक्खू. सोपाऱ्याचे भाणक नावाजलेले असावेत. कार्ल्याच्या लेण्यात सोपारकच्या एका भाणकानं खांब दान दिल्याचा लेख आहे. हा आत्ता समुद्राची गोष्ट सांगतोय, आणि श्रोत्यांत निम्मे लोक समुद्रावर जाणारे आहेत.

सुप्पारक नावाचा तांडेल होता. सोळाव्या वर्षी नौकाविद्येत तयार, त्याच्या हाताखालचं एकही गलबत बुडालं नाही. खाऱ्या पाण्यानं दोन्ही डोळे गेले. मग तो भरुचच्या राजाकडे पारखी म्हणून राहिला. हत्ती, घोडा, रथ, कांबळं. हात फिरवून खोट सांगायचा. राजा दर वेळी आठ कार्षापण नाणी टेकवायचा. न्हाव्याला द्यावी तशी ही बिदागी, म्हणत सुप्पारकानं नोकरी सोडली. तेवढ्यात सातशे व्यापारी दारात आले. आमच्या गलबतावर तांडेल म्हणून चला. अहो, मी आंधळा. आंधळे असलात तरी तुमच्यासारखा दुसरा नाही.

जातककथांच्या पाली संग्रहात ही गोष्ट भरुचची आहे. पुढे आर्यशूरानं संस्कृत ‘जातकमाला’ लिहिली तेव्हा या तांडेलाचं गाव आपलं सोपारा करून टाकलं. लेखी रूपं तुमच्या या संध्याकाळनंतरची, पण गोष्ट तोंडोतोंडी जुनी. वसईकर म्हणून मी अर्थातच आर्यशूराच्या बाजूचा.

सात दिवस बरे गेले. मग अवेळी वारा सुटला आणि गलबत चार महिने भरकटलं. आता नीट ऐका, कारण सगळी मेख इथे आहे. तांडेल आंधळा आहे. त्याला काही दिसत नाही. म्हणून दर वेळी व्यापारी बघतात आणि सांगतात: पाण्यात माणसांच्या अंगाचे, वस्तऱ्यासारख्या नाकाचे मासे वर-खाली करताहेत. हा कुठला समुद्र? तो ऐकतो, आठवतो आणि सांगतो: खुरमाल. पुढचा समुद्र जाळासारखा झगझगतो: अग्गिमाल. त्याच्या पुढचा दह्यादुधासारखा पांढरा: दधिमाल. मग हिरव्या कुशगवतासारखा, मग वेळूच्या बनासारखा. डोळे सातशे जणांचे, स्मरण एकाचं. ओडिसियसला डोळे होते. त्यामुळे त्याला कुणाला विचारायची गरज वाटली नाही आणि नऊ दिवस दोर सोडायचीही नाही.

आता थोडं अडचणीचं. सुप्पारकानंही लपवलं. खुरमालात हिरे आहेत हे त्याला ठाऊक होतं. सांगितलं तर हे लोक हावेनं इतके भरतील की गलबत बुडेल, असा त्यानं विचार केला. म्हणून मासे धरायचं निमित्त करून जाळं सोडलं, हिरे वर घेतले, हलका माल समुद्रात टाकून त्यांना जागा केली आणि कुणाला काही सांगितलं नाही. अग्गिमालात सोनं, दधिमालात चांदी, पुढे नीलमणी, वैडूर्य. प्रत्येक वेळी गलबत पेलेल इतकंच.

म्हणजे दोघांनीही पिशवी बंद ठेवली. मग एकाचं गलबत बुडालं आणि एकाचं का तरलं? गोष्टीतलं पुण्य वगैरे बाजूला ठेवून मी हा हिशेब अनेकदा मांडून बघितलाय. सुप्पारकानं लपवला तो लाभ. धोका त्यानं एकदाही लपवला नाही. सहावा समुद्र आला, पाणी चहूकडून वर खेचलं जातंय, मध्ये खोल दरी पडलीय, कानठळ्या बसतील असा आवाज. हा कुठला? त्यानं सरळ सांगितलं: हा वळभामुख, इथे आलेलं गलबत परत जात नाही. सातशे माणसं आक्रोश करू लागली. तरी त्यानं सांगितलं. मग गंधोदकानं स्नान करून, नवं वस्त्र नेसून, भरलेलं पात्र हातात घेऊन तो नाळेवर उभा राहिला आणि म्हणाला की समज आल्यापासून मी जाणूनबुजून एकाही जिवाला इजा केलेली नाही. हे खरं असेल तर गलबत सुखरूप परत जावो. चार महिने भरकटलेलं गलबत एका दिवसात घरी. आणि उतरल्यावर, हे विसरू नका, हिरे-सोनं-चांदी सगळ्यांना वाटून टाकलं. जन्मभर पुरेल, आता समुद्रावर जाऊ नका, एवढं सांगून.

ओडिसियसनं धोकाही लपवला आणि वाट्याबद्दलही अवाक्षर काढलं नाही. त्याच्या खलाशांनी पिशवीवर हात टाकला तो त्यामुळे.

आपल्याकडे बहुतेक वेळा तिसरीच तऱ्हा चालते: लाभ ढोल वाजवून सांगायचा आणि धोका कागदात पुरायचा. फार लांब जायला नको, याच गावात थांबा आणि घड्याळ पुढे करा. २०२५च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेला ४१ इमारती पाडल्या गेल्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून. जमीन सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचऱ्याच्या प्रकल्पासाठी राखीव होती. तिथे घर घेणाऱ्यांना परवडणारी किंमत सांगितली गेली, आरक्षण कुणी सांगितलं नाही. संसार रस्त्यावर आले तेव्हा कळलं की पायाखालची जमीन कुणाची होती. त्या वस्तीतल्या एखाद्या कुटुंबाला बहुमत, नेतृत्व, सामूहिक निर्णय यांवर व्याख्यान द्यायला जाऊ नका. ज्याच्यावर निर्णय घ्यायचा ती गोष्टच त्यांच्यासमोर कधी आली नव्हती.

परत पहिल्या शतकात चला, पण या वेळी घाट चढून. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात मोठा दानशूर माणूस. भरुच, दशपूर, गोवर्धन आणि आपल्या शूर्पारकात त्यानं धर्मशाळा बांधल्या; दमण आणि डहाणूच्या नद्यांवर फुकट तरी सुरू केल्या, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातल्या माणसाला पैलतीरी जायला पैसे पडत नव्हते. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याचं लेणं आहे, क्रमांक १०. तिथला एक लेख हा माझ्या मते महाराष्ट्रातला सगळ्यात शहाणा सभावृत्तान्त आहे.

तुम्ही नाशिकजवळच्या गोवर्धनच्या निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, बसलेले आहात. वर्ष ४२, वैशाख. उषवदात तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवतोय, पण राजाच्या खजिन्यात नाही, विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे संघटनांकडे. एका श्रेणीकडे दोन हजार, शेकडा एक टक्का महिन्याला. दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण टक्का. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजच वापरायचं. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी. करून बघा: दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कवडी इकडची तिकडे नाही. उरलेल्या हजाराचं व्याज किरकोळ खर्चाला. मग लेख सांगतो की हे सगळं निगमसभेत वाचून ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे फळ्यावर नोंदवलं.

राजाचा जावई आहे. त्याला कोण विचारणार होतं? तरी रक्कम, दर, कुणाकडे, कशासाठी, हे भर सभेत मोठ्यानं वाचलं गेलं, लिहिलं गेलं आणि वर दगडात खोदलं गेलं. दगडातलं खोदकाम दात्याची कीर्ती वाढवायला असतं हे मला मान्य. पण कीर्तीसाठी दानाचा आकडा पुरला असता. व्याजाचा दर कशाला खोदायचा? तो विणकरांसाठी आणि भिक्खूंसाठी आहे. उद्या कुणी म्हणू नये की असं ठरलंच नव्हतं.

खाडीतलं ते यवनी गलबत राहिलंच. पहाटे भरती आली, कप्तान वर आला नाही, नांगर कुणी कापला नाही. रात्रभर वाद घालून थकलेली माणसं कुठलाच निर्णय न घेता झोपली होती. पहारेकऱ्यांनी दोर बांधले आणि नियमाप्रमाणे गलबत भरुचच्या वाटेला लागलं. पेटीत काय होतं ते सोपाऱ्यात कुणाला कळलं नाही.

तुमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची विशेष सर्वसाधारण सभा लवकरच लागेल; वसई-विरारमध्ये जिची लागलेली नाही अशी जुनी इमारत आता शोधावी लागते. जादा किती चौरस फूट मिळणार हे समिती आपण होऊन सांगेल, त्यासाठी हात वर करावा लागणार नाही. तुम्ही हात वर करून सातबारा, आरक्षण, मंजुरीचा नंबर आणि काम रखडलं तर भाडं कोण भरणार, हे चार प्रश्न विचारा. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या, सभेत वाचून दाखवायला लावा आणि मगच ठरावावर सही करा.